बागिलाचे महिने

उल्मेकेनने खोटं सांगितलं ते सप्टेंबरात, दवाखान्याच्या डुगडुगत्या बाकावर बसून, आणि सांगताना तिची पापणीसुद्धा लवली नाही. क्लारा नर्सने सुनेचं कार्ड पुढे ओढलं, पेन झटकलं आणि विचारलं, शेवटची पाळी कधीची. सून बागिला तोंड उघडणार तेवढ्यात उल्मेकेनच म्हणाली, जूनची, जूनच्या पहिल्या आठवड्यातली. खरी होती मेची. बागिलाने मान वर करून सासूकडे पाहिलं आणि परत खाली घातली. क्लाराने कार्डावर जून लिहिला.

आता, महिने खरे सांगायचे नसतात हे आमच्या कोसकुदुकात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पोटुशी बाई कितव्या महिन्यात आहे असं कुणी विचारलं की एक कमी करून सांगायचा. एक तर नजर लागू नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे ती बाळ-बाळंतीण नेणारी लाल केसांची बया, जिचं नाव बाळंतिणीच्या घरात घेत नाहीत, तिला नेमका दिवस कळू नये म्हणून. शेजारणींना असंच सांगतात, नणंदांना असंच सांगतात, आणि क्लारालाही सगळ्या सासवा असंच सांगत आल्या. चोवीस वर्षं या रेताड मुलखात बाळंतपणं करून क्लारा एवढी शहाणी झाली होती की सासवांनी सांगितलेल्या आकड्यात ती मनातल्या मनात एक महिना मिळवूनच टाकायची. फक्त उल्मेकेनच्या वेळी तिने मिळवला नाही. का मिळवेल? उल्मेकेनने वीस वर्षं त्याच दवाखान्यात फरशी पुसली होती, सुया उकळल्या होत्या, निम्म्या गावाच्या बाळंतपणाला दिवा धरून उभी राहिली होती. अशी बाई दवाखान्यात बसून दवाखान्यालाच थाप मारेल असं क्लाराच्या स्वप्नातही आलं नसतं.

आणि खरं सांगायचं तर उल्मेकेन नजरेच्या भीतीने खोटं बोललीच नव्हती. तिला भीती होती जिल्ह्याच्या बाळंतघराची. नियम असा की पहिलटकरणीला दिवस भरायच्या दोन आठवडे आधी तिकडे नेऊन ठेवायचं, कारण तिथवर नव्वद किलोमीटर आणि हिवाळा सरताना वाटेत नुसता चिखल. नियमात वाईट काही नाही. पण उल्मेकेनलाही एकोणीस वर्षांची असताना याच नियमाने नेलं होतं. तिथल्या डॉक्टरला सुट्टीवर जायची घाई होती, असं निदान ती सांगायची. त्याने सलाईन लावून कळा आणवल्या, मुलगा झाला, तीन दिवस मांजराच्या पिल्लासारखा कण्हला आणि गेला. कच्चा काढला माझा, कच्चा काढला, असं ती पुढची तीस वर्षं म्हणत होती. नंतर मेंदिबाय, बागिलाचा नवरा, झाला तो घरीच, आपल्या गादीवर, आणि आज तो तेलाच्या विहिरींवर पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीला जाणारा सहा फुटी गडी आहे. तेव्हा तिचा बेत अगदी साधा होता. क्लारा न्यायचं म्हणेल तोवर बागिला घरीच पिकलेलं मूल जन्माला घालून मोकळी होईल, आणि क्लाराच येऊन नाळ कापेल. एका महिन्याची तर थाप. तिने कुणाचं काय घोडं मरतंय?

दहा फेब्रुवारीला बागिलाचे खरे दिवस भरले. घरात हे तिघींनाच ठाऊक होतं. उल्मेकेनला, बागिलाला आणि उल्मेकेनची धाकटी जाऊ उल्तुआर हिला. उल्तुआरचं घर अंगणापलीकडे, आणि दिवसातून चारदा ती चहाला यायचीच. एप्रिलअखेर लग्न झालेलं, मेनंतर बागिलाची पाळी आली नाही, हे तिने बोटांवर कधीच मोजून ठेवलं होतं. अशा बाईपासून लपवायचं तरी काय?

तयारी सगळी झाली होती. उल्मेकेनने आपला धुऊन धुऊन मऊ पडलेला पांढरा झगा फाडून बाळाचा पहिला सदरा शिवला होता, कडा न दुमडता, जसा शिवायचा असतो तसा. त्याला आमच्याकडे कुत्र्याचा सदरा म्हणतात, कारण चाळिसाव्या दिवशी तो काढून कुत्र्याच्या गळ्यात बांधतात आणि पोराची इडापिडा कुत्र्याबरोबर पिटाळून लावतात. मेंढीच्या शेपटीची चरबी कढवून बरणीत भरून ठेवली होती. दाराला हरमलाची जुडी टांगली होती, धुरीसाठी. बागिलाच्या उशीखाली चाकू होता. पाळणा कोठीतून काढून पुसला होता आणि त्यावर जाड चादर टाकली होती, कारण रिकामा पाळणा हलता कामा नये, चुकूनसुद्धा. उल्मेकेन त्याच्या बाजूने जाताना परकर आवरून धरायची. एवढं सगळं होतं, आणि मूल मात्र येत नव्हतं.

पहिले चार-पाच दिवस उल्मेकेनला काही वाटलं नाही, पहिलटकरीण मागेपुढे होतेच. सातव्या दिवशी तिने बागिलाला परातभर पीठ मळायला बसवलं. आठव्या दिवशी विहिरीपर्यंत दोनदा चालवलं. बागिलाने दोन्ही गोष्टी मुकाट्याने केल्या. ती बैनेउची, रेल्वेच्या गावची पोर, वीस वर्षांची. माहेरी म्हणे फार बडबडी होती. इथे आल्यापासून डोक्यावरचा रुमाल सावरत खालच्या आवाजात बोलायची, सासूच्या आधी उठायची आणि चहा ओतताना वाडगा अर्धाच भरायची, म्हणजे परत परत ओतता येतो आणि पाहुण्याला मान दिल्यासारखं होतं. अशी सून मिळाली म्हणून उल्मेकेन गावभर मिरवायची. तिला ती 'बोताम' म्हणायची, माझं उंटाचं पिल्लू, आणि माया खोटी नव्हती हो. ती खोटी असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

त्याच आठवड्यात वारा सुटला. समुद्राकडचा, खारट, दिवसरात्र न थांबणारा. बर्फ वितळलं आणि खालची माती मऊ होऊन पाय धरायला लागली. उंट वाऱ्याकडे पाठ करून दिवसभर एकाच जागी उभे राहायचे. उल्मेकेनची झोप उडाली. बागिला कूस वळली की ती उठून बसायची, आणि सकाळी स्वतःच्या जिवाला शिव्या द्यायची की बये, सांगून टाक ना.

अठरा तारखेला ती खरंच सांगायला गेली. चिखल तुडवत दवाखान्यापर्यंत पोचली, बूट दाराशी काढले, आत गेली. क्लारा एका रडणाऱ्या पोरीला गप्प करत होती. वस्तीवरची होती ती पोर, सासूने आठव्या महिन्यापर्यंत दवाखान्याचं तोंड बघू दिलं नव्हतं तिला. उल्मेकेनला पाहून क्लाराचा चेहरा उजळला. त्या पोरीला ती म्हणाली, "ही बघ, हिला म्हणतात सासू. सून चौथ्या महिन्यात घेऊन आली आणि तारीख स्वतः सांगितली." पोरगी डोळे पुसत उल्मेकेनकडे बघायला लागली. उल्मेकेन म्हणाली की सहज आले होते, कापूस आहे का विचारायला. क्लाराने कापसाचा एक गठ्ठा दिला, आणि तो उराशी धरून ही बाई परत आली. वाटेत दोनदा थांबली म्हणतात. पण परत फिरली नाही.

बावीस तारखेला उल्तुआरने चहा पिता पिता तोड काढली. उल्मेकेन कपाळाला हात लावून बसली होती, बागिला आत आडवी झाली होती.

"जाऊबाई, तुमची अक्कल कुठे चरायला गेलीय?" उल्तुआर म्हणाली. "ऑगस्टात येसेतम्हातारा जाऊन वर्ष झालं त्याच्या जेवणाला उंट कापला होता. तुमच्या सुनेने चांगलं दोन मुठी मांस खाल्लं. मी समोरच बसले होते."

उल्मेकेनने हात खाली घेतला. खरंच की. तिला तो दिवस जसाच्या तसा आठवला. ताटात उंटाचं मांस आलेलं, बागिला तिसऱ्या महिन्यातली, भुकेली, आणि आपण बघूनही न बघितल्यासारखं केलं, कारण खाऊ नको म्हणावं तर सगळ्या बायकांना दिवस गेल्याचं कळतं. आणि उंटाचं मांस खाल्लेली पोटुशी उंटिणीसारखी ओढते, दहा महिने, अकरा महिने, कधी बारासुद्धा, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवायला लागत नाही. उल्तुआरच्या मावशीला म्हणे तेरावा लागणार होता. उल्मेकेनच्या छातीवरचा धोंडा असा उतरला की ती मोठ्याने हसली. उशीर झालेलाच नाही. थाप मारली ती मारली, पण त्या थापेने काही बिघडलेलं नाही, हे सगळं उंटाचं आहे. माणसाला जे हवं असतं ते कुणी हातात आणून दिलं की तो उलटून पालटून बघत नाही. उल्मेकेनने तर वीस वर्षं क्लाराच्या हाताखाली काढली होती, आणि दिवस उलटलेल्या पोराचं काय होतं हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं होतं. तरी तिने उल्तुआरला आणखी एक वाडगा चहा ओतला आणि वर साय घातली.

यावरचा उपायही सगळ्यांना माहीत आहे. पोटुशीला उंटिणीच्या पोटाखालून तीनदा काढायचं. दुसऱ्याच दिवशी दुपारी दोघी जावांनी बागिलाला बाहेर नेलं. उल्तुआरची काळी म्हातारी उंटीण गरीब होती, लहान मुलंसुद्धा तिच्या पायांतून ये-जा करत. तिचं त्या हिवाळ्यातलं पिल्लू जन्मून आठ दिवसांत मेलं होतं, पण तेवढ्यासाठी दुसऱ्याची उंटीण कोण मागायला जाणार? उल्तुआरने वेसणीची दोरी धरली. उल्मेकेनने चिखलावर घोंगडी टाकली.

बागिला हातगुडघ्यांवर बसली. पोटाचा भार खाली आला तेव्हा तिने दात आवळले. पहिल्यांदा गेली, दुसऱ्यांदा गेली. उल्तुआर थट्टा करत होती, की पोरगा झाला तर मान लांब असेल, मुलगी झाली तर ओठ, आणि बागिलाही जराशी हसली. तिसऱ्यांदा ती पोटाखाली मध्यावर असताना उंटिणीने मान वळवली, नाक खाली आणून बागिलाच्या कुशीला लावलं आणि हुंगायला लागली. खूप वेळ हुंगलं. मग तिने मान वर उचलली आणि ओरडायला सुरुवात केली, तो लांब, घोगरा, खालून वर चढत जाणारा आवाज, पिल्लू मेलेली उंटीण काढते तोच. बागिला जागच्या जागी थिजली. उल्मेकेनने तिचा दंड धरून तिला ओढून काढलं.

"पिल्लाची आठवण झाली असेल मेलीला," उल्तुआर म्हणाली. पण दोरी तिने हातभर लांब धरली होती. दोघींनी घोंगडी गुंडाळली, आणि उंटीण संध्याकाळपर्यंत थांबून थांबून तसंच ओरडत राहिली. बागिलाने खिडकी बंद करायला सांगितलं. खिडकी बंदच होती.

पंचवीस तारखेला, बुधवारी, क्लारा घरी आली. दर बुधवारी ती पोटुशींच्या घरी फिरायची. तिने पोट दाबून पाहिलं, फीत लावली, तिचा तो लाकडी भोंगा पोटावर टेकवून कान लावला. ठोके चांगले होते. फीत मात्र तिने दोनदा लावली. गेल्या बुधवारपेक्षा पोट बोटभर कमी भरतंय असं ती म्हणाली. उल्मेकेन म्हणाली, खाली उतरलंय, दुसरं काय. क्लाराने कार्ड पाहिलं. कार्डाप्रमाणे अजून दोन आठवड्यांहून जास्त दिवस होते, तेव्हा खाली उतरलं असेल हे पटण्यासारखं होतं. मग ती म्हणाली की आता नियमाप्रमाणे जिल्ह्याला न्यायची वेळ झालीच आहे, शुक्रवारी टपालाची जीप जाते, तीत हिला बसवू या. उल्मेकेनने लगेच सांगितलं की मेंदिबाय पाच तारखेला येतोय, आल्यावर तोच नेईल, पोरीला एकटीला कशाला पाठवायचं. क्लाराने परत एकदा कार्डाकडे पाहिलं आणि ठीक म्हणाली. तेवढा वेळ आहे म्हणाली. बागिला पलंगावर बसून झग्याच्या गुंड्या लावत होती, आणि शेवटच्या गुंडीशी तिची बोटं बराच वेळ अडली होती. तिने सासूकडे पाहिलं. उल्मेकेन चहा टाकायला उठली.

त्यानंतर उल्मेकेनने एकदा गुपचूप तो झगा पाहिला. आठवड्यापूर्वी पोटावर ताणून बसायचा, आता जरा सैल पडत होता. तिने बागिलाला लोणी घालून चहा दिला, घोड्याच्या मांसाचा चांगला तुकडा वेगळा काढून दिला, आणि खालचा सूर लावून विचारलं की कुठे दुखतंय का. बागिला नाही म्हणाली. कुठेच दुखत नाही, आपा. पोट आटत चाललं आणि कळ मात्र नाही, हेच तर वाईट होतं, आणि हे त्या घरात फक्त उल्मेकेनला कळत होतं.

सोमवारी दुपारी उल्मेकेन चुलीपाशी बसून लोकर विंचरत होती. बागिला आली आणि तिच्या शेजारी टेकली.

"आपा, काल संध्याकाळपासून तो हलला नाही."

उल्मेकेनने लोकर खाली ठेवली. शेवटी शेवटी पोरांना आत जागा उरत नाही, कमीच हलतात, असं काहीतरी ती बोलली. मग तिने बागिलाच्या पोटावर हात ठेवला. हात ठेवून डोळे मिटले आणि वाट पाहिली. चुलीत लाकूड फुटलं. पोट घट्ट होतं, गरम होतं, स्थिर होतं. उल्मेकेनचा स्वतःचा जीव इतका धडधडत होता की तिच्या तळहातात, बोटांच्या टोकांत ती धडधड येत होती. ती धडधड तिला लागली. तेवढीच लागली.

"हा काय, हलला," ती म्हणाली. "आत्ता हलला. झोपाळू आहे मेला, बापासारखा."

बागिलाने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग तिनेही आपला हात पोटावर ठेवला, सासूच्या हाताशेजारी. हो, असेल, ती म्हणाली. त्या दिवशी ती लवकर आडवी झाली. उल्मेकेनने हरमल जाळून घरभर धुरी फिरवली, पाळण्याभोवती दोनदा, आणि देवाला सांगत राहिली की पाच तारखेपर्यंत, फक्त पाच तारखेपर्यंत, मग मी सगळं सांगते. मंगळवारी तिने परत हात ठेवून पाहिला नाही. तिची हिंमत झाली नाही.

बुधवारी क्लारा आली तेव्हा वारा पडला होता. तिने बूट काढले, हात धुतले, आणि नेहमीसारखी बागिलाची थट्टा करत भोंगा पोटावर टेकवला. टेकवल्यावर बोलायची थांबली. भोंगा जरा डावीकडे सरकवला, मग खाली. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. उल्मेकेन दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिला क्लाराचा फक्त एक गाल दिसत होता. तो गाल तिने दवाखान्यात असा दोनदा पाहिला होता.

क्लाराने कान उचलला आणि बागिलाला विचारलं की हालचाल कधीपासून कमी झाली. बागिलाने सासूकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, तक्रार नव्हती त्यात, पण चोवीस वर्षं ज्या बाईने सुनांच्या नजरा वाचल्या तिला पुरे झालं.

"उल्मेकेन आपा," क्लारा म्हणाली, "महिना कोणता?"

"मे."

"कितवी?"

"सहा."

क्लाराने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिलं. ती ओरडली असती, तिने कार्ड तोंडावर फेकलं असतं, तर उल्मेकेनला बरं वाटलं असतं. क्लारा एवढंच म्हणाली की ठोके आहेत पण फार मंद आहेत, टपालाच्या ओतेगेनला जीप घेऊन बोलवा, आत्ताच्या आत्ता. उल्मेकेन अनवाणी पळाली. चिखलात पडली, उठली, टपालकचेरीत पोचेपर्यंत तिचा परकर गुडघ्यांपर्यंत भरला होता. उल्तुआर अंगणातून विचारत राहिली की कळा लागल्या का, उंटिणीचा गुण आला का.

जीपच्या मागच्या बाजूला गादी टाकून बागिलाला झोपवलं. डोकं उल्मेकेनच्या मांडीवर, पायांशी पत्र्याच्या पेटीवर क्लारा. टपालवाला ओतेगेन तोंडाळ माणूस, पण त्याने मागे वळून पाहिलं आणि चावी फिरवली. क्लाराने त्याला सांगितलं की पळव, आणि दर दहा किलोमीटरला थांबव, मला ऐकायचं आहे. त्याने पळवली. चिखल खिडक्यांपर्यंत उडत होता, चाकं घसरत होती, प्रत्येक खड्ड्याला बागिला दोन्ही हातांनी पोट धरायची आणि उल्मेकेन तिचे खांदे धरायची. पहिल्यांदा थांबले तेव्हा क्लाराने भोंगा लावला आणि मान हलवली, आहेत. दुसऱ्यांदा थांबले तेव्हाही आहेत म्हणाली, पण घड्याळाकडे जास्त वेळ बघितलं. बागिलाच्या जिवात जीव आला. तिने विचारलं की मेंदिबायला फोन करायला सांगितलंय ना. सांगितलंय म्हटल्यावर ती म्हणाली की त्याला घाबरवू नका, तो वेड्यासारखी गाडी चालवतो.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा दोन्ही बाजूंना नुसता सपाट माळ होता. ओतेगेनने न सांगता इंजिन बंद केलं. क्लाराने भोंगा लावला. उजवीकडे लावला, डावीकडे लावला, बेंबीच्या खाली लावला, परत उजवीकडे. मग कान बदलून परत सगळीकडे. उल्मेकेनने मोजलं नाही, पण सुनेच्या रुमालाखालून निसटलेले केस ती तेवढा वेळ सारखे करत राहिली. शेवटी क्लारा उठून बसली. तिने भोंगा पुसला आणि पिशवीत ठेवून दिला.

"ओतेगेन," ती म्हणाली, "आता सावकाश ने."

त्याला कळलं नाही. तो म्हणाला, बाई, इथून रस्ता बरा आहे, आता तर पळवता येईल.

"नको. सावकाश ने. हिला धक्के बसू देऊ नकोस."

जीप सुरू झाली. बागिलाने डोळे वर करून विचारलं, आणि क्लाराला नाही विचारलं, सासूला विचारलं.

"सावकाश का, आपा?"

क्लारा खिडकीबाहेर बघायला लागली. उल्मेकेनला समजलं की ती आपल्यावर सोडतेय, हवं ते सांग म्हणतेय. आणि सांगायला सोपं होतं. रस्ता खराब आहे, तुला त्रास होतोय, आता घाई नाही, सगळं ठीक आहे. एवढं बोलली असती तर पोरगी साठ किलोमीटर शांतपणे गेली असती, आणि बाकीचं डॉक्टरांनी सांगितलं असतं. खोटं तिच्या जिभेवर तयार होतं, तिला शोधायलासुद्धा लागलं नाही.

"ठोके लागत नाहीत, बागिला," ती म्हणाली. "गेलं आपलं बाळ. उंटाचं काही नव्हतं त्यात. तारीख मी खोटी सांगितली, तुला तिकडे नेऊ नयेत म्हणून. माझ्यामुळे गेलं."

बागिला जीपच्या छताकडे बघत राहिली. तिचे हात पोटावर होते तसेच होते. उल्मेकेनला वाटलं ती आता किंचाळेल, आपल्या तोंडावर मारेल, आणि तिने तोंड जरा खाली केलं, मारता यावं म्हणून. चाकांखाली चिखल चिरडल्याचा आवाज येत होता. बागिला बोलली ती नेहमीच्याच खालच्या आवाजात, चहा ओतू का म्हणून विचारावं तशा.

"सोमवारी तो हलला नव्हता, आपा. मला कळत होतं. पण तुम्ही हात ठेवलात आणि हलला म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

बागिलाने तिच्या मांडीवरून डोकं उचललं, मान ताठ धरून थोडा वेळ तशीच राहिली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्या जीपमध्ये डोकं टेकायला दुसरी जागा नव्हती. मग तिची मान अवघडली आणि तिने ते परत तिथेच ठेवलं.